चुंबकी कुलपाचं उद्घाटन

अकरा जून. काम : लातूर, कोचिंग क्लासची इमारत, दुसरा मजला, मुलींची अभ्यासिका. दार एकच. त्याला चुंबकी कुलूप आणि बोट ओळखणारी दोन मशीनं, एक बाहेरून, एक आतून. सकाळी साडेसहाला आम्ही नांदेडहून निघालो, मी आणि चाचा.

चाचा म्हणजे माझे कामातले भागीदार. त्यांच्या घरात तीन पिढ्या दारं-चौकटी आणि कुलपांचंच काम. लाकूड, बिजागरी, भोक पाडणं त्यांच्याकडे. तार आणि वीज माझ्याकडे. त्या वर्षी नांदेड-लातूरला कोचिंगची इतकी दारं निघाली होती की आम्हाला दुसरं काम घ्यायला सवड नव्हती. डॉक्टर होण्याआधी पोरांना कोंडावं लागतं, हे शास्त्र तेव्हा आमच्या भागात नुकतंच सिद्ध झालं होतं.

मी या धंद्यात आले ती भूकंपामुळे. आमचं गाव औसा तालुक्यातलं. मी नववीत होते. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा मुलींसाठी दोन कोर्स आले, शिवणकाम आणि वायरमन. शिवणाची यादी भरली होती. बाकी भूकंपाबद्दल लोक मला विचारतात ते सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. एवढंच, की आमच्या पट्ट्यातली बरीच घरं अजून झोपताना आतून कडी लावत नाहीत. दाराला वीट टेकवतात. कुत्रं आत येत नाही, आणि वेळ आली तर विटेला पाय मारून माणूस बाहेर पडतो. माझ्या काकूच्या घराला कडी होती. दार शाबूत सापडलं, कडीसकट.

तर काम. चुंबकी कुलूप अगदी साधं असतं. चौकटीला वर चुंबक, दाराला लोखंडी पट्टी. वीज चालू असेपर्यंत चुंबक पट्टीला असा धरून ठेवतो की दोन पैलवानांना दार हलत नाही. बोट ओळखलं की मशीन क्षणभर वीज तोडतं, चुंबक सुटतो, दार उघडतं. आत शिरायला बोट लागतं. बाहेर पडायला मात्र बोट लागू नये, आतून एक साधं बटण असावं, हा या कामाचा नियम. मी बटणासाठी दाराशेजारी खूण केली आणि चाचांनी ड्रिल लावलं, एवढ्यात क्लासचे सर आले.

"मॅडम, हे भोक कशाला?"

"बटण येईल. दाबलं की दार सुटतं."

"कुणी दाबायचं?"

"ज्याला बाहेर जायचंय त्याने."

सरांनी माझ्याकडे, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीकडे बघतात तसं बघितलं. "अहो, तेच तर नकोय. पोरगी बोट लावून बाहेर गेली की पालकाला मेसेज जातो. किती वाजता गेली, किती मिनिटं बाहेर होती. बटण दाबून गेली तर मेसेज कुणाच्या नावाने पाठवू? बटणाच्या?"

मी म्हटलं, "सर, हे लातूर आहे. जमीन हलली तर दीडशे मुली रांगेत बोटं लावत बसणार का?"

"लातूरला आता भूकंप कुठले, मॅडम? आता भूकंप निकालाच्या दिवशी येतो." आणि स्वतःच हसले. हे वाक्य त्यांनी आधीही कुठेतरी वापरलं असावं, इतकं ते बसलेलं होतं.

चाचा शिडीवरून म्हणाले, "साब, दरवाजा अंदर से खुलना मंगता. अंदर से तो खाली जेल का नै खुलता."

"चाचा, जेलमधून रँक येतात का?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण सर पुढचं बोलले, "आणखी चार शाखा होणार आहेत आपल्या. सगळं काम तुमच्याकडेच द्यायचं ठरवलंय." मी खुणेवरची धूळ पुसली आणि चाचांना म्हटलं, "भोक बुजवा." ते शिडीवरून उतरले, लांबी कालवली आणि भोक बुजवलं. दुपारचा डबा शिडीपाशी एकटेच बसून खाल्ला.

सरांच्या मागण्या तिथेच संपल्या नाहीत. वीज गेली की चुंबक सुटतो, म्हणजे लोडशेडिंगमध्ये दार उघडं. म्हणून छताच्या वर बॅटरी. नंबर दाबून दार उघडायची सोय बंद. एका पोरीला नंबर कळला की दीडशे जणींना कळतो. आठ वेळा चुकीचं बोट लागलं तर मशीनने पाच मिनिटं कुणाचंच बोट घ्यायचं नाही. मुलींना शिस्त लागते. मी सगळं लिहून घेतलं आणि सगळं केलं. संध्याकाळी सरांचं आणि रेक्टर मॅडमचं बोट नोंदवलं. मुलींची बोटं उद्घाटनानंतर घ्यायची ठरली.

हो, उद्घाटन. कुलपाचं. दारावर फ्लेक्स लागला : सरांचा फोटो, मागच्या वर्षी पास झालेल्यांचे त्याहून लहान फोटो, आणि खाली लाल अक्षरांत सरांचं घोषवाक्य, 'आमच्याकडे दुसरा प्रयत्न नसतो'. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर दुसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्यांची वेगळी बॅच चालते आणि तिची फी जास्त आहे, हे फ्लेक्सवर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडशे मुली अभ्यासिकेत बसवल्या. समोर सर, रेक्टर मॅडम, आणि सरांची आई. आई निलंग्याकडच्या, सत्तरीच्या, नऊवारीतल्या. हातात ताट. आमच्याकडे मशीन म्हटलं की त्याची पूजा होते, मग तो ट्रॅक्टर असो, पिठाची गिरणी असो की झेरॉक्स. त्यात माझी तक्रार नाही. माझ्या ड्रिलला मीही दसऱ्याला झेंडू घालते. पण कुंकू कुठे लावायचं हे सांगायला हवं होतं, आणि मी तेव्हा बाहेरच्या मशीनची तार तपासून नुकतीच आत येत होते. आईंनी तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्यावर घेतलं आणि आतल्या मशीनवर जिथे हिरवा दिवा लुकलुकत होता, तिथेच, बोट ठेवायच्या काचेवर, ठसठशीत टिळा ओढला. वर तांदळाचे दाणे चिकटवले. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या मागे दार मिटलं आणि चुंबकाने टक्क केलं. बाहेर चाचा आणि वॉचमन. दोघांचीही बोटं नोंदवलेली नव्हती.

"आता बघा," सर माइकवर म्हणाले, "एक बोट, एक सेकंद." आणि त्यांनी टिळ्यावर बोट ठेवलं.

मशीनमधून बाईचा स्वच्छ इंग्रजी आवाज आला, "प्लीज ट्राय अगेन."

माइक चालूच होता. सगळ्या हॉलने ऐकलं. सरांनी पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मागच्या बाकांवरून खिदळणं सुरू झालं, आणि कुणीतरी हळू म्हणालं, "सर रिपीटर बॅचला."

रेक्टर मॅडमनी आपलं बोट दोनदा लावलं. मी ओढणीच्या टोकाने काच पुसली, पण तेल आणखी पसरलं. "जरा थांबा," मी म्हणत होते तोवर सरांनी रागाने तीनदा दाबलं. आठ झाले. मशीनचा लाल दिवा लागला आणि आवाज बंद झाला. शिस्त सुरू झाली होती.

"पाच मिनिटं थांबावं लागेल," मी सांगितलं.

"काही हरकत नाही," सर माइकवर म्हणाले. "या पाच मिनिटांत आपण एकाग्रतेवर बोलू."

एकाग्रतेवर त्यांचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत इमारतीखालून गुरगुर आली. फरशी थरथरली, खिडकीची काच वाजली. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं आणि तिथे टिप्परने खडी ओतली, हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी कळायचा प्रश्नच नव्हता. बाहेरच्या माणसाला वाटेल की मुली किंचाळल्या असतील. एकही किंचाळली नाही. भूकंपानंतर जन्मलेल्या मुली, पण घरात ऐकत वाढलेल्या. सगळ्या एकदम उठल्या आणि दाराकडे निघाल्या. बाक सरकल्याचा तेवढा आवाज. सगळ्यांत पुढे सरांची आई होत्या. ताट त्यांनी कुठे टाकलं कुणाला दिसलं नाही.

त्यांनी दाराला दोन्ही हात लावून रेटलं. दार हललं नाही.

"आरं, दार उघड की!"

"आई, लॉक आहे. पाच मिनिटं..."

"पाच मिंटं?" त्या मागे वळल्या. "मुडद्या, पाच मिंटांत काय ऱ्हातंय रं? उघड!"

मागून मुली दाटत होत्या. पुढच्या रांगेतल्या दाराला चिकटल्या होत्या, त्यातली एक ठेंगणी मुलगी माझ्या कोपराखाली दबून "ताई, श्वास... ताई," एवढंच म्हणत होती. बाहेरून चाचा दार ठोकत ओरडत होते, "बाई! तार काटो! तार काटो!"

मला सांगायची गरज नव्हती, पण खोटं कशाला लिहू, त्यांचं ऐकेपर्यंत माझे हात नुसते दारालाच रेटत होते. मीही तेच करत होते जे बाकीच्या दीडशे जणी. मग पर्समधून कटर काढला, बाक ओढून वर चढले, चुंबकाकडे जाणाऱ्या तारांवरची पट्टी उचकटली आणि दोन्ही तारा एकदम तोडल्या. टक्क झालं. दार बाहेरच्या बाजूला उघडतं, ही देवाची नाही, चाचांची कृपा. मुली भडाभडा जिन्याकडे गेल्या. ठेंगणी मुलगी जिन्याच्या वळणावर बसली आणि डोकं गुडघ्यांत घालून श्वास घेऊ लागली. कुणाला लागलं नाही. चपला मात्र पन्नासेक मागे राहिल्या.

सर शेवटी बाहेर आले. वर बघून म्हणाले, "तार तोडलीत? कालचीच होती ना ती?"

चाचा त्यांच्याकडे न बघता माझ्याशी बोलले. "बटण किधर है?"

"गाडीत."

"लाव."

सर काहीतरी म्हणणार होते, पण त्यांची आई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघत होत्या. "बाई सांगंल तसं कर," त्या म्हणाल्या. "न्हाईतर मी इथंच बसते." चाचांनी कालची लांबी उकरली. तासाभरात बटण बसलं. शाखांचं काम पुढे दुसऱ्या कुणाला मिळालं.

परतीच्या वाटेवर अहमदपूरला चहाला थांबलो. चाचांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि विचारलं, "नांदेड का क्या?"

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. एप्रिलमध्ये आम्ही नांदेडला मुलींच्या एका वसतिगृहाचं दार असंच केलं होतं. मालकाने बटण नको म्हटलं, मी लावलं नाही. तिथे मला कुणी चार शाखांचं आमिषही दाखवलं नव्हतं. नुसतं वाद घालायचा कंटाळा आला होता. तिथे तीन मजले होते आणि खालचं दार एकच.

तेरा जूनला सकाळी साडेसातला त्या वसतिगृहात गेले. मालक पूजेला बसले होते. त्यांची वाट बघितली नाही. शिडी लावली, ड्रिल चालू केलं, दाराच्या आतल्या बाजूला हाताच्या उंचीवर भोक पाडलं, बटण बसवलं आणि क्लासला निघालेल्या मुलींना दारात थांबवून एकेकीकडून ते दाबून घेतलं.