शेवटच्या भागावर आमचं मत

माघातल्या उन्हात सोललेली राजेळी केळी वाळायला घातली की वाडीभर एक जड, मधाळ वास भरून राहतो. सकाळी तो दवाखाली दबलेला असतो. ऊन वाळवणाच्या माचीला टेकलं की उठून बसतो, आणि मग घरात, कपड्यांत, प्यायच्या पाण्यातसुद्धा तोच. सुकेळीचा हंगाम हा सगळ्या वर्षातला संथ काळ. चटया अंथराव्यात, केळी मांडावीत, ती उलटावीत आणि उन्हाची वाट पाहावी. सांजेला गोळा करून झाकावीत, उद्या पुन्हा मांडावीत. पुरती वाळली की केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून खोडाच्या सालीने, सोपटाने बांधावीत. घायकुत्या माणसाचं हे काम नव्हे, उन्हाला हुकूम देता येत नाही. अशाच पेंगुळलेल्या दुपारी आमच्या सांडोरच्या अंगणातून कित्येक वर्षं एक अफाट फौज चालत गेली, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण ती गेली.

फौज पुस्तकातली. माझी बायको सुमती वसईच्या वाचनालयातून एका लांबलचक कादंबरीचे भाग आणायची, एकेक भाग उशीएवढा. डोंगरमाथ्यावरचं एक राज्य, त्याची सेनापती वारुणी नावाची बाई, आणि दऱ्याखोऱ्यांतून वर चढत येणारं शत्रूचं मायावी धुकं. त्या धुक्यात मेलेल्या माणसांचे आवाज असायचे. ते सैनिकांना नावाने हाक मारायचे, आणि जो ओ देईल तो धुक्यात विरून जायचा. म्हणून फौजेचा पहिला नियम असा, की हाक कुणाचीही असो, ओ द्यायची नाही. आम्ही त्या सगळ्या पुस्तकांना नुसतं ‘फौज’ म्हणायचो. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस; अक्षरं ओळखतो, पण ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटते. सुमती मोठ्याने वाचायची आणि मी केळी उलटायचो. व्यूह, प्रत्यंचा, अस्तमान हे असले शब्द माझ्यात शाळेने घातले नाहीत, तिच्या आवाजाने घातले. आज हे सांगायला बसलो की तेच आधी तोंडी येतात.

ऐकायला दोघी यायच्या. एक शेजारच्या वाडीतली सिसिलियाबाय, भाजीचे वाफे सोडून यायची आणि हात रिकामे नकोत म्हणून आमची केळी सोलायची. दुसऱ्या साटमबाई. मुंबईच्या कचेरीतून निवृत्त होऊन उमेळ्याला नवी इमारत झाली तिथे राहायला आलेल्या. एकदा केळी घ्यायला म्हणून आल्या आणि फौजेत भरती झाल्या. तिघींची मतं तीन दिशांना. साटमबाईंना लढाया आवडायच्या, कोणती तुकडी कुठून वळली ते त्या बोटाने चटईवर काढून दाखवायच्या. सिसिलियाबायला लढाई आली की जांभई यायची. ती म्हणायची, ‘मारामारी झाली की हाक मारा गो, मी कांदे निवडते.’ आणि सुमतीला आवडायचे ते मधले, काहीच न घडणारे मुक्काम. नदीला पूर आलाय, पलीकडे जाता येत नाही, सैनिक फाटके जोडे शिवताहेत, कुणी कुणाची टिंगल करतंय. साटमबाई म्हणायच्या, ‘अहो, हा भाग चाळीस पानांत उरकला असता.’ सुमती म्हणायची, ‘उरकायचं कशाला? आपल्याला तरी कुठे जायचंय?’

तिसरा भाग आम्ही दुसऱ्याच्या आधी ऐकला. दुसरा भाग कुणीतरी नेला होता आणि परत करत नव्हता; सुमतीला दम धरवेना. त्या तिसऱ्या भागात म्हातारा निशाणदार धाकोजी मारला जातो. नदीच्या उतारावर, पाठीत बाण लागून, निशाण मात्र उभं. सुमतीने पुस्तक मिटलं आणि उठून अंघोळीला गेली. मी म्हटलं, ‘अगं, तो पुस्तकातला आहे.’ आतून म्हणाली, ‘म्हणून काय झालं, ओळखीचा तर होता ना.’ नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सिसिलियाबायने दफनभूमीत आपल्या माणसांच्या मेणबत्त्यांशेजारी त्याच्या नावाची एक लावली, आणि फादरना यातलं काही कळायला नको असं आम्हाला बजावलं. मग पुढे कधीतरी दुसरा भाग हाती आला. त्यात धाकोजी धडधाकट. कोठीतलं तूप चोरतोय, वारुणीला मुलीसारखं रागावतोय, रोज संध्याकाळी तिच्या तंबूबाहेर उभा राहून विचारतोय, ‘वारुणे, जेवलीस का?’ मेलेला माणूस असा परत भेटल्यावर आम्ही त्याचं एकेक वाक्य किती जपून ऐकलं. साटमबाई म्हणाल्या, क्रम चुकल्याने सगळी मजा गेली. सुमती म्हणाली, ‘हाच क्रम बरोबर आहे. एरवी त्याच्या तूप चोरण्याकडे आपण लक्ष दिलं असतं का?’

तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं. आता सुमती मला त्याच क्रमाने भेटते. आधी शेवटच्या आजारातली, भिंतीकडे तोंड करून निजलेली. मग पन्नाशीतली, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधणारी. आणि अलीकडे दुपारी डोळा लागला की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली, विहिरीच्या काठावर बसून पायाने पाणी हलवणारी, जिच्याकडे मी त्या वयात धड पाहिलंही नसेल. माणसाचं आयुष्य असं उलटं वाचायची सोय कुणी केली असेल? आणि ती सोय म्हणायची की शिक्षा? माझ्यासारख्याला याचं उत्तर येत नाही. झोप मात्र लागते, आणि झोपेत वाडीतल्या केळी निशाणांसारखी फाटकी पानं हलवत रांगेने उभ्या असतात, कुणीतरी चालायचा हुकूम देईल म्हणून.

आमच्या घरात मत एकच असायचं आणि ते सुमतीचं. वाचनालयात वर्षातून एकदा वाचक जमायचे, चहा-बिस्किटं असायची, मग ज्याला बोलायचं तो उठून बोलायचा. सुमती उठायची आणि सुरुवात करायची ती ‘आमचं मत असं आहे’ अशी. मी शेजारच्या खुर्चीवर. मला कुणी विचारलं नाही आणि मलाही त्यात कमीपणा वाटला नाही. दोन माणसांचं जेवण एका चुलीवर होतं, तसं मतही एकीकडे शिजत होतं; मी आयतं जेवत होतो.

पाचवा भाग संपला आणि श्रावणात सुमती गेली. शेवटचा, सहावा भाग मार्गशीर्षात आला. वाचकांच्या सभेचं बोलावणं घरी आलं, तिच्या नव्हे, माझ्या नावाने. मी गेलो. का गेलो ते ठाऊक नाही. बहुधा घरात बसवत नव्हतं म्हणून. नव्या इमारतींतली पोरं-पोरी पुष्कळ होती, सगळ्यांचा सहावा भाग वाचून झालेला. एक म्हणाला, लेखकाने पैशासाठी पाणी घालून वाढवलंय. दुसरी म्हणाली, धुक्याचं शस्त्र आधी इतकं अजिंक्य दाखवलं, मग शेवटी असं कसं वितळलं? एकजण तर फौजेला दाणागोटा कुठून येत होता यावरच अडून बसला. मला ते ऐकून बरं वाटत होतं. कुठल्या न झालेल्या लढाईसाठी माणसं एवढी तळमळतात, म्हणजे जग अगदीच वाया गेलेलं नाही. मग शेवटावरून जुंपली. अर्ध्यांना तो फार आवडलेला, अर्ध्यांना संताप. आणि कुणीतरी म्हणालं, ‘काकी असत्या तर त्यांना हा शेवट नक्की पटला असता.’ लगेच पलीकडून, ‘छे, काकी तर भडकल्या असत्या.’ मग काकींना काय वाटलं असतं यावरच वाद. ज्याला त्याला सुमती आपल्या बाजूला हवी होती.

मी उठलो. म्हटलं, ‘तिने तो भाग वाचलेला नाही. न वाचलेल्या पुस्तकावर ती कधी बोलली नाही. तुम्हीही तिच्या तोंडात घालू नका. बसा गप्प.’ सगळे बसले. चहा थंड झाला. घरी येताना मात्र मी रस्त्यातच थांबलो, कारण पोरांना जे खडसावलं त्याचा अर्थ मलाच वाटेत कळला. सुमतीचं पाचव्या भागापर्यंतचं सगळं मत माझ्यापाशी आहे. सहाव्यावर तिला मतच नाही, आणि आता होणारही नाही. मेलेल्या माणसाला नवं काही आवडत नाही की नावडत नाही. मरण म्हणजे काय, हे मला चितेपाशी नव्हे, तिथे त्या रस्त्यावर समजलं.

म्हणून माघ लागला आणि दोघी बायका विचारायला आल्या, की भाऊ, तो भाग आणलाय, तुमच्या अंगणात वाचायचा का, तेव्हा मी नाही म्हटलं. सहावा भाग उघडला नाही तोवर सुमती फक्त थांबलेली होती. दुसऱ्या कुणाच्या आवाजात तो या अंगणात वाचला, की ती संपणार होती. हे मी त्यांना कसं सांगू? म्हटलं, ‘मला वेळ नाही.’ सिसिलियाबायने माचीकडे पाहिलं. अर्धी केळी एका बाजूने काळी पडत आलेली, उलटायला मला हात उचलवत नव्हता. ती पदर खोचून उलटायला लागली. साटमबाई तिच्यामागे गेल्या, आणि थोड्या वेळाने मीच म्हटलं, ‘बरं, वाचा. पण माझ्याशी बोलायला येऊ नका.’

साटमबाई नोटीस वाचल्यासारख्या वाचतात. पहिले काही दिवस मला त्यांचा आवाज सोसला नाही, मग तो कानामागे गेला आणि फौज तेवढी उरली. उन्हात डोळे मिटावेत तर दुरून शिंगाचा आवाज, घोड्यांच्या घामाचा आणि केळ्यांचा एकच वास. शेवटच्या दिवशी शेवटचं रण आलं. धुकं चढत चढत वारुणीच्या गुडघ्यांपर्यंत आलंय, मागे सगळी फौज श्वास रोखून उभी, आणि धुक्यातून धाकोजीची हाक येते. ‘वारुणे, जेवलीस का?’ सहा भाग जी बाई कुणाला बधली नाही ती म्हणते, ‘नाही,’ आणि चालत आत जाते. तिच्या त्या एका शब्दाने धुकं फाटतं, लढाई जिंकली जाते. ती मात्र सापडत नाही. संपलं.

साटमबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. ‘किती सुंदर,’ म्हणाल्या. सिसिलियाबाय म्हणाली, ‘मोकळी झाली गो बिचारी.’ आणि मग सवयीने दोघी माझ्या बाजूच्या, सुमतीच्या जागेकडे वळल्या, आमचं मत ऐकायला. ती रिकामी. शेजारी मीच होतो.

‘मला नाही पटला,’ मी म्हटलं.

‘तुम्हाला काय झालं मधेच?’ साटमबाई म्हणाल्या.

‘चुकली ती. मागे एवढी फौज उभी आहे, तिला घरी कोण नेणार? माया काय तिला एकटीलाच होती? हाक आली म्हणून उठून जायचं असतं, तर त्यातला एकही माणूस जागेवर राहिला नसता.’

‘भाऊ, तुम्हाला मेलं हळवं काही कळतच नाही,’ सिसिलियाबाय म्हणाली. मग जपून, ‘सुमतीला आवडला असता हो हा शेवट.’

मला राग आला नाही. ‘असेल,’ म्हटलं. ‘मग तिच्याशी भांडलो असतो.’

इतक्या वर्षांच्या संसारात पुस्तकावरून आम्ही एकदाही भांडलो नाही, आणि मत झालं ते ती नसताना. ते मत खरोखर माझं, की तिच्या शेजारी बसून बसून अंगात मुरलेलं, याचा निवाडा मी कसा करू? इतकं कळतं, की ते बोललो तेव्हा ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि ते बोलून झाल्यावर मी पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवलो.

सिसिलियाबाय त्या सांजेला तणतणत घरी गेली. बोलणं तिने संपवलेलं नव्हतं. फाटकापासून ओरडून म्हणाली, की उद्या येते, मग सांगते वारुणी का बरोबर ते. सकाळी दव ओसरायच्या आत मी चटया अंथरल्या, केळी मांडली आणि तिच्या वाटेकडे पाहत बसलो. उत्तर माझं तयार होतं.