तिकीट आमचं, नंबर निखिलचा

परवा मुलुंड स्टेशनच्या रिझर्वेशन खिडकीवर मी एक पराक्रम केला... आणि तासाभरात पकडला गेलो.

झालं असं की, या डिसेंबरात चेन्नईला जायचं मी ठरवलंय. मी आणि सुनंदा, माझी बायको. मी त्र्याहत्तर, ती सत्तर. बरोबर कुणी नाही.

लोक डिसेंबरात बर्फ बघायला उत्तरेला जातात. जावोत बापडे. चेन्नईला त्या दिवसांत पहाटे एक शाल पुरते म्हणतात, आणि महिनाभर सणच असतो. दारोदारी पांढरी रांगोळी, सभागृहांत सकाळपासून मैफली, बाहेर कॅन्टीनमध्ये वाफाळती इडली...

हे वेड लहानपणचं आहे. घाटकोपरच्या चाळीत आमच्या शेजारी कमलामामी राहायच्या, तमिळ. थंडी पडली की पहाटे तांदळाच्या पिठाची रांगोळी काढता काढता त्या गात असायच्या. मी तिथेच पायरीवर बसून शाळेतली कविता पाठ करायचो.

मामींना मराठी यथातथाच. पण माझी लय चुकली की पिठाच्या बोटांनी पायरीवर टकटक व्हायची... "फिर से बोल रे!" अर्थ गुरुजींनी शिकवला, पण कविता कानात घातली ती मामींनी. त्या म्हणायच्या, "हमारे उधर ये महिने में पूरा गल्ली गाता है." साठ वर्षं झाली. ती गाणारी गल्ली मी अजून बघितलेली नाही.

आमचा मुलगा निखिल आमच्याबरोबरच राहतो, पवईला नोकरीला आहे. त्याच्यापाशी हा विषय मी गणपतीतच काढला होता. "बाबा, मागच्या वर्षी स्टेंट बसलाय, विसरलात? गाणं यूट्यूबवर ऐका. फारच वाटत असेल तर कर्जतच्या रिसॉर्टला नेऊन सोडतो. सीनियर सिटिझन पॅकेज आहे."

पॅकेजात काय, तर मऊ भात, हाउझी आणि नऊला दिवे बंद. मी म्हटलं, हे सगळं मला घरीच मिळतं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गोळ्या चुकवू नका, खुशाल जा. मग आणखी कुणाची परवानगी घ्यायची? परवा निखिल ऑफिसला गेल्यावर आम्ही दोघं गुपचूप स्टेशनवर गेलो. फॉर्म भरला, दोन्ही बर्थ खालचे मागितले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, मोबाईल नंबर राहिला." मी तो कडव्यासारखा घडाघडा म्हणून दाखवला. एकाही आकड्याला अडखळलो नाही!

तिकीट खिशात ठेवून बाहेर चहा घेतला. शाळा बुडवलेल्या पोरांसारखे हसत होतो आम्ही... घरी येऊन चपला काढतोय तोच निखिलचा फोन.

"बाबा, हे चेन्नई काय आहे?"

"तुला कोण म्हणालं?"

"रेल्वे म्हणाली! मेसेज मला आलाय."

वाट लागली. मी खिडकीवर निखिलचाच नंबर दिला होता. गेली दहा वर्षं बँक, गॅस, लाइट बिल, रक्ततपासणी... कुठलाही फॉर्म आला की नाव माझं आणि नंबर त्याचा. मी फोनला घाबरायचो तेव्हा त्यानं प्रेमानंच ही सोय केली होती. पण माझा स्वतःचा नंबर मला पाठ नाही, हे मला परवा कळलं.

"मी इथून कॅन्सल करतो," निखिल म्हणाला. "OTP माझ्याकडेच येतो."

माझा आवाज चढला. "कर. उद्या पुन्हा रांगेत उभा राहीन. पुन्हा काढीन. आणि या खेपेला नंबर माझा असेल!"

मागून सुनंदा ओरडली, "त्याला म्हणावं, माझाही बर्थ आहे त्यात. मला विचारलंय का त्यानं?"

फोन कट झाला. दिवसभर मी ते तिकीट चार वेळा काढून बघितलं... कागद तोच, पण ते चालतंय की रद्द झालंय, हे कागदावरून थोडंच कळतं?

संध्याकाळी निखिल आला, बॅग ठेवली, पाणी प्यायला. मग म्हणाला, "नाही केलं कॅन्सल. तुम्ही खरंच उद्या रांगेत उभे राहिला असता."

"राहिलोच असतो."

"आईला घेऊन?"

"ती माझ्या पुढे उभी राहिली असती."

त्याला हसू आलं. मग अटी सुरू झाल्या. रोज संध्याकाळी फोन... मान्य. फोनवर लाइव्ह लोकेशन... अमान्य! मी काही कुरिअरचं पार्सल नाही. आणि मग माझी अट सांगितली. सगळीकडे माझा नंबर लावायचा. आत्ता, बसून.

"चेन्नईला जायला गॅसचा नंबर कशाला बदलायला हवा?"

"हवा."

त्यानं लॅपटॉप उघडला. थोड्या वेळानं टिंग करून माझा फोन वाजला. निखिलनं सवयीनं हात पुढे केला. "सांगा बाबा, OTP."

मी फोन छातीशी धरला. "OTP कुणाला सांगायचा नसतो. घरच्यांनासुद्धा नाही. तूच शिकवलंस."

 तो खुर्चीवरून उठला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

पहिल्यांदा आकडे शोधेपर्यंत वेळ संपला. दुसऱ्यांदा एक आकडा चुकला. निखिल मागे उभा होता, हात पाठीशी घट्ट बांधून... एक अक्षर बोलला नाही. तिसऱ्यांदा जमलं.

आजवर त्यानं मला खूप मदत केली आहे. पण पोरा, परवा ती दहा मिनिटं तू केली नाहीस ना... त्याबद्दल मनापासून थँक यू.