रुसलीस का

दर डिसेंबरात रविवारच्या पुरवणीत मी वर्षभरातल्या आवडत्या अल्बमांवर लिहितो. दहा अल्बम, प्रत्येकाला एक परिच्छेद. हे काम मला कोणी नेमून दिलेलं नाही. जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर मी वार्ताहरांच्या बातम्या तपासतो. एका वर्षी पान रिकामं राहत होतं म्हणून लिहिलं, आणि ते चालू राहिलं. नियम माझा मीच केला: अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, गाण्यांचा क्रम न मोडता ऐकायचा. एकदा घरी, एकदा रस्त्यावर. रस्ता बहुधा चंद्रपूर ते मूल. मध्ये जंगल लागतं, नेटवर्क जातं, म्हणून गाणी आधी उतरवून घ्यावी लागतात. जंगल संपेपर्यंत जो बंद करावासा वाटत नाही, तो यादीत येतो.

या वर्षी एक सारंगीचा होता. एक तेलुगू गायिकेचा, सिरोंच्याच्या वार्ताहराने पाठवलेला. त्यातला एकही शब्द मला कळत नाही आणि तरी तो मी सर्वांत जास्त ऐकला. तिसरा नागपूरच्या एका तरुणाचा रॅप अल्बम. त्याच्याबद्दल मी लिहिलं की या अल्बमची ताकद त्याच्या बोलीत आहे, 'मले' आणि 'तुले' इथे लाजत नाहीत. वाक्य छापून आलं तेव्हा मला ते आवडलंही होतं.

माझ्या चुलतभावाचा अल्बम यादीत नव्हता.

भाऊ माझ्यापेक्षा मोठा. मूल तालुक्यातल्या आमच्या गावात त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, भरदुपारी दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ रंगतो, आणि आमच्या गावच्या दंडारीत पुढे उभा राहून गाणारा तोच. "माइक बंद पडला तरी मी बंद पडत नाई," असं तो स्वतःच सांगतो, आणि ते खरं आहे. त्याची गाणी त्याने स्वतः जुळवलेली. त्यातलं एक सगळ्या भागाला पाठ आहे:

सांग ना वं मले, तू रुसली काऊन?
वाट पाहून राह्यलो बांधीत उभा राहून.

'काऊन'वर ढोलकीच्या दोन थापा पडतात. तिथे लोक टाळी देतात. मीही दिलेली आहे.

पोळ्याच्या सुमारास त्याचा फोन आला. गाण्यांचा अल्बम काढतो म्हणाला. गाणं वाजताना मोबाइलच्या पडद्यावर शब्द दिसणार होते. "जरा नजर टाक बाबू. स्पेलिंगगिलिंग पाहून घे. पेपरवाल्याच्या हातचं असलं म्हणजे कोणी नाव ठेवत नाई." त्याने शब्द टाइप करून पाठवले. मी ते ऑफिसात, दोन बातम्यांच्या मध्ये उघडले आणि वार्ताहराची बातमी तपासतो तसे तपासले. 'मले'चं 'मला' केलं. 'वं'चं 'गं'. 'पाहून राह्यलो'चं 'पाहत आहे'. 'बांधीत'चं 'शेतात'. 'रुसली काऊन'चं 'रुसलीस का'. चहा आला तो गरम असतानाच काम संपलं होतं. एकही ओळ मी गुणगुणून पाहिली नाही.

त्याने फक्त ऱ्हस्वदीर्घ विचारलं होतं. मी पाठवलेलं त्याने पाठ केलं आणि तसंच गायलं.

अल्बम दिवाळीला आला. मुखपृष्ठावर भाऊ काळा गॉगल लावून उभा आणि मागे कुठलातरी धबधबा. मी अंगठा पाठवला. ऐकला नाही. मंडईला जाणारच होतो.

मंडईत गर्दी चांगली होती. भाऊने दोन गाणी गायली आणि मग ते धरलं. 'काऊन'च्या जागी आता नुसता 'का' होता. ढोलकीच्या थापा दोनच राहिल्या होत्या, त्यामुळे उरलेली जागा भरायला त्याला तो ओढावा लागत होता. "तू रुसलीस काऽऽऽ?"

भज्यांच्या दुकानाकडून कोणीतरी म्हणालं, "काव!"

हशा झाला. दुसऱ्या कडव्याला चार जण होते. तिसऱ्याला अख्खी मंडई कावकाव करत होती.

"अबे, घास ठेवा कोणी! कावळा आला!"

"पितृपक्ष त झाला ना भाऊ, आता कोणाले बोलावून राह्यला?"

ढोलकीवाला हसत हसत ताल चुकला. भाऊने हात वर करून गाणं थांबवलं. "हसा," तो माइकवर म्हणाला. "ज्याले शुद्ध समजत नाई तो हसते. हे पेपरवाल्यानं तपासलं आहे. तो पाहा माहा भाऊ, चंद्रपूरवरून आला. उभा राह्य बाबू!"

मी उभा राहिलो. हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांत पुन्हा एक "काव" आला. मी खाली बसलो. तेवढ्या वेळात माझ्याकडे बोलायची संधी होती.

दंडार उठल्यावर ढोलकीवाला त्याला म्हणाला, "मागच्या साली गायलं तसंच गा ना भाऊ."

"मागच्या साली चुकीचं गायलं," भाऊ म्हणाला.

जेवायला बसलो तेव्हा वहिनी वाढत होती. "घरी 'काऊन' म्हणतेत अन् तिथी 'का' म्हणतेत, भाऊजी. मी म्हटलं, तुमची जीभ दोन घरची झाली." भाऊ जेवत राहिला. मी भाजी मागितली.

चंद्रपूरला परतताना मूलच्या रस्त्यावर मी तो अल्बम लावला. नियमाप्रमाणे पहिल्या गाण्यापासून. आवाज तोच होता, पण शब्द तो सांभाळून ठेवत होता, पाहुण्यांच्या घरची कपबशी धरावी तसे. तिसऱ्या गाण्यानंतर मी बंद केलं. जंगल अजून यायचं होतं.

यादी लिहायला बसलो तेव्हा स्वतःला सांगितलं की आवडला नाही तो अल्बम आवडत्यांत घालता येत नाही. हे बरोबरच आहे. तो का आवडला नाही, हे लिहिणंही शक्य होतं. त्याऐवजी मी रॅप अल्बमचा परिच्छेद लिहिला.

रविवारी सकाळी भाऊचा फोन आला.

"वाचलं बाबू. दहाही वाचले. मी नाई दिसलो."

"नाही."

"काऊन?"

मी म्हणालो, रेकॉर्डिंग जरा कमी पडलं.

"होय, त्या पोट्ट्याकडची मशीन साधीच होती. अन् आवाज?"

"आवाज चांगला आहे."

"हं." मग तो फोनपासून दूर बोलला, "ते तीन लंबरचं पुन्हा वाच वं." वहिनीने वाचलं. अडखळत, पण पूर्ण. 'मले' आणि 'तुले' इथे लाजत नाहीत.

"हे तूच लिहिलं ना?"

"हो."

"मंग त्याचं 'मले' लाजत नाई, अन् माहं काऊन लाजलं?"

तो रागावलेला नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हणालो की भाऊचं 'मले' लाजलं नव्हतं. मी काढलं. सवयीने काढलं, गाणं म्हणून वाचलंच नाही.

"म्हणजे आधीचं बरोबर होतं?"

"हो."

"मंग मंडईत काऊन नाई सांगितलं? मी तुले उभं केलं होतं ना."

"लाज वाटली."

"तुले? कावकाव त मले केलं लोकायनं."

मागून वहिनीचं हसू ऐकू आलं. भाऊ हसला नाही. शेजारच्या गावी शंकरपट आहे, तो म्हणाला. बैल धावून झाले की दुपारी दंडार. दरवर्षी पुढचा गायक म्हणून त्यालाच बोलावतात. यंदा निरोप आला की भाऊ, तुम्ही या, पण झांज धरा, गायला आम्ही दुसरा पाहिला. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. वहिनीचं हसणं थांबलं, त्यावरून तिलाही ते आत्ताच कळलं असावं.

"जुनं गाणं गा," मी म्हणालो. "तसं त्यांना सांग."

"मी सांगून काय होते? मीच त माइकवर म्हटलं, हे शुद्ध आहे. आता मीच म्हणू का, नाई, ते खोटं होतं? लोक म्हणतीन, याचं रोजचं वेगळं. तू ये. तू सांग. गाण्याच्या आधी, माइकवर. मंग ते मले गाऊ देवोत का झांज देवोत."

येतो म्हणालो.

"अन् भाऊजी," वहिनीने फोन घेतला होता, "तिथी पेपरासारखं नका बोलू. लोक भाषण समजतीन."

पट येत्या रविवारी आहे. सांगायचं फार नाही: चूक माही होती, भाऊची नाई. डेस्कवर बातम्या येत राहतात आणि मध्ये मी ते वाक्य हळू आवाजात म्हणून पाहतो. ऑफिसात कोणी नसेल तरी दर वेळी 'माझी' असंच तोंडातून निघतं. मग मी थांबतो आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हणतो.