आबांच्या बांधावरचा अकीक

बारामतीच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत मी कामाला लागले, तेव्हा नमुने घोटायला मला एक छोटा करडा खल मिळाला. उजेडात धरला की त्यात दुधी पट्टे दिसायचे.

"अकीक आहे तो," आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "लोखंडी खलात माती घोटली तर लोखंडाचा अंश मातीत उतरतो. हा सहसा झिजत नाही." हा दगड आपल्याकडच्या काळ्या कातळात सापडतो, असंही त्यांनी सांगितलं.

त्या रविवारी गावी, शेळगावला गेले ती थेट आमच्या बांधावर. नांगरटीत वर आलेल्या गारगोट्या माझे वडील, आबा, वर्षानुवर्षं तिथं फेकत आलेत. मी एकेक उचलून बघायला लागले.

"काय हरवलं गं?" आबांनी विचारलं.

"ह्यात अकीक हाय का बघतीय. लोखंडापेक्षा कडक दगड असतो त्यो."

त्यांनी विळ्याचं टोक एका गोट्यावर जोरात ओढलं. चकचकीत रेघ उमटली. बोटानं पुसली तर गेली. दगडावर ओरखडा नव्हताच, विळ्याचंच लोखंड घासलं होतं. आबा खाली बसले आणि स्वतःच गोटे निवडायला लागले.

दोन गोटे घेऊन आम्ही बारामतीत ग्रॅनाइट कापणाऱ्याकडे गेलो. पहिला नुसताच पांढरा निघाला. दुसऱ्याच्या फाका पाण्याखाली धुतल्या आणि कापणाऱ्यासकट तिघंही वाकून बघत राहिलो. निळसर-करड्या रेघा, एकीच्या आत दुसरी, आणि मधे बारीक स्फटिकांनी भरलेली पोकळी.

मी आबांना सांगितलं, लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि पाण्यात विरघळलेली गार, म्हणजे सिलिका, थरावर थर बसत गेली.

"म्हंजी भाईरचं कडं आधीचं?"

"व्हय."

"मग मधी भोक का ऱ्हायलं?"

सोमवारी बाईंना विचारलं. आत जायची वाट बुजली असेल किंवा पाण्यातली गार संपली असेल, म्हणाल्या. नक्की सांगणं अवघड. मी आबांना फोन केला. ते खूश झाले. "म्हंजी अजून शोधायचं ऱ्हायलंय की!"

एक फाक त्यांनी टीव्हीशेजारी ठेवली. दुसरीची पातळ चकती कापून, घासून आईनं पदक करून घेतलं. ते घालून ती विहारात गेली, तर बायकांनी तिला घेरलं. कुठल्या सोनाराकडचं?

"सोनाराकडचं न्हाय. आमच्या रानातलं हाय," आई म्हणाली.

पुढच्या रविवारी त्यातल्या दोघी आमच्या बांधावर गोटे हुडकत होत्या. आबा त्यांना विळा देत होते.