सांगवीच्या तरीची मक्तेदारीण

तानूबाईला अक्षरओळख नव्हती, पण चावडीवर सरकारी कागद लागला की ती घाटावरून ओल्या पायांनी थेट येई. माझ्यासमोर उकिडवी बसे आणि म्हणे, "वाचा भाऊसाहेब. पर खालचं बारीकबी वाचा." मी कंटाळून एखादी ओळ गाळली, तर तिला ते आवाजावरूनच कळे. "मधलं काय गिळलं?" असं ती विचारी, आणि मला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागे.

पन्नासच्या दशकात मी मामलेदार कचेरीत कारकून होतो आणि सांगवीची चावडी माझ्याकडे होती. मुळा नदी ओलांडून औंधाला जायला तिथे नाव चाले. दरवर्षी सरकार या तरीचा, म्हणजे नावेच्या फेऱ्यांचा, लिलाव करी. जो जास्त बोली लावेल त्याला वर्षाचा मक्ता, आणि उतारूंकडून ठरल्या दराने पैसे घ्यायचा हक्क. नाव तानूबाईची. नवऱ्यामागे वीस वर्षं तीच वल्हवत होती. मक्ता मात्र दरसाल एका शेठचा. तो आणि आणखी दोन ठेकेदार आधीच संगनमत करून बोली पाडत. सरकारच्या पदरात चिंचोके पडत, आणि घाटावर शेठचा माणूस दुप्पट पैसे उकळी. तानूबाईला रोजाची मजुरी.

एका उन्हाळ्यात त्या माणसाने एका भाजीवालीला जादा आण्यासाठी परतवून लावलं. तिची मेथी घाटावरच सुकली. तानूबाईने वल्हं खाली ठेवलं आणि तडक चावडीवर आली. "औंदा बोली माजी," ती म्हणाली.

त्या वर्षी लिलाव लांबला. मामलेदारसाहेब आले तेव्हा नदी दुथडी भरून वाहत होती. तानूबाई पुढे होताच शेठने विचारलं, "बाईला जामीन कोण?"

कोणी हललं नाही. शेठने गावात आधीच दम भरून ठेवला होता.

"जामीन कशाला?" तानूबाई म्हणाली. "भाऊसाहेब, नववं कलम वाचा. बारीक अक्षरातलं."

मी वाचलं. स्वतःची नाव सुस्थितीत असेल, तर तीच तारण म्हणून चालेल, असं तिथे स्पष्ट होतं. साहेब हसले. शेठ मात्र उसळला, "साहेब, नाव पार कुजलीय! माणसं बुडतील!"

"मंग चला, बसा समदे," तानूबाई म्हणाली. "तुमीबी या, शेठ."

साहेब उठले, त्यामुळे शेठलाही उठावं लागलं. आम्ही आठजण बसलो. मधल्या धारेत तिने बांबू रोवून नाव धरली. पाणी दोन्ही बाजूंनी घोंघावत होतं. माझ्या मांडीवरची कागदांची पिशवी मी छातीशी कवटाळली.

"दावा सायबास्नी, कुठनं पानी येतंय?"

शेठने दोन्ही हातांनी नावेची कड धरली होती. साहेबांनी वाकून तळावरून तळवा फिरवला आणि तो आम्हाला दाखवला. कोरडा!

"लिहा," ते म्हणाले. "नाव मजबूत आहे." मी तिथेच, हलत्या नावेत, ते वाकड्या अक्षरांत लिहिलं.

चावडीवर बोली सुरू झाली. शेठ वाढवी, तानूबाई लगेच वाढवी. गेल्या सालच्या दुपटीवर आकडा गेला तेव्हा शेठच्या साथीदारांनी माना खाली घातल्या आणि शेठही थांबला. साहेबांनी तिला बाजूला घेतलं. "बाई, पैसे थकले तर नाव जप्त होईल. झेपेल का?"

"सायब, वीस वर्सं मी मान्सं मोजलीत. किती येत्यात ते मला ठाव हाय. ह्यास्नी फकस्त आपला वाटा ठाव हाय."

एक वार, दोन वार, तीन वार! भाजीवाल्या बायांनी चावडीबाहेर असा गलका केला की शिपायाला त्यांना गप्प करता येईना, आणि त्यालाही ते करायचं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी घाटावर दराची पाटी लागली. ती मीच रंगवली. तिने दर घेतला तो पाटीवरचाच, आणि सरकारचा एकही हप्ता चुकवला नाही.

तिच्या दुसऱ्या मक्त्याच्या साली माझी बदली झाली. तिनेच मला पैलतीरी सोडलं. उतरून मी हात जोडले, तर तिने हात पुढे केला.

"सरकारी कामावर व्हता तवर फुकट. आज घरला निघालाय, भाऊसाहेब. एक आणा."

मी आणा दिला. इतक्या आनंदाने मी आयुष्यात दुसरा कुठलाच कर भरलेला नाही.