एकविसावा रुपया

भांडी घासण्यात माझा कुणी हात धरू शकत नाही. लातूरला क्लासच्या गल्लीत माझी मेस आहे. शंभर पोरं जेवून उठली तरी तासाभरात माझी ताटं आपलं तोंड दिसेल अशी लख्ख असतात. या एका गुणापायी मी माझ्या लेकीची अर्धी फी पाण्यात घालवली होती.

लेक दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि मेडिकलच्या बॅचला जाणार म्हणून हटून बसली. फी ऐकून मी मेसचा वर्षाचा हिशोब दोनदा मांडला, तरी मेळ बसेना. भरायची तारीख पंधरा दिवसांवर आली तेव्हा किल्लारीकडून माझे वडील आले. त्यांनी एका फडक्यात बांधलेले वीस रुपये आणि तंबाखूची एक जुनी डबी माझ्यापुढं ठेवली. डबीत एकविसावा होता.

हे निजामाच्या काळातले चांदीचे रुपये, वर चारमिनार असलेले. भूकंपात आमचं घर बसलं, आई गेली. ढिगारा उपसताना देवळीमागच्या भिंतीतून हे रुपये निघाले. आईनं कधी लपवले, वडिलांनासुद्धा पत्ता नव्हता. पुढं दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी मी वीस रुपये चिंच आणि राखेनं घासून मांडत असे. एकविसाव्याला वडील हात लावू देत नसत. तो मातीच्या ढेकळातच सापडला होता आणि त्याच्या अक्षरांत ती माती तशीच वाळून बसली होती.

"पोरीच्या शिक्षणाला लागू दे," वडील म्हणाले.

लातूरचा सोनार वजनावर भाव करणार हे मला ठाऊक होतं. जुन्या नाण्यांना शौकीन लोक चांदीच्या कितीतरी पट देतात, हे मी मोबाइलवर वाचलं होतं. मग मोडीत घालायला मी काय खुळी? नांदेडला जुन्या नाण्यांचे एक व्यापारी आहेत असं कळलं. निघायच्या आदल्या दिवशी मी वीसच्या वीस रुपये पुन्हा कचकचून घासले. गिऱ्हाइकापुढं मळका माल ठेवायची मला सवय नाही.

व्यापारी म्हणजे एक वयस्क चाचा. त्यांनी एक रुपया कडेनं दोन बोटांत धरला, भिंगातून पाहिला आणि मला विचारलं, "ताई, कशानं धुतले?"

"चिंचेनं. राखेनं पण. दर वर्षी," मी ऐटीत सांगितलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. मग कपाटातून प्लास्टिकची एक सीलबंद डबी काढली. आत तसाच रुपया, पण काळपट. वर दर्जाचा आकडा छापलेला. तपासणाऱ्यांकडं पाठवून आणलेला. "हा जसा टाकसाळीतून आला तसा राहिला. शौकीन त्याचेच पैसे देतो. तुमचे पण खरे हायेत, पण वरची कातडी गेली. आता यांना चांदीचाच भाव."

"म्हणजे घाणेरडा महाग आणि स्वच्छ स्वस्त? हे कुठल्या शाळेत शिकवतात?"

ते हसले. "नाणं म्हणजे ताट न्हाई, ताई."

मी रागारागानं तंबाखूची डबी पुढं सरकवली. एकविसावा त्यांनी बराच वेळ पाहिला. मातीखाली मूळ चमक शाबूत होती आणि हे साल सहसा मिळत नाही, असं ते म्हणाले. तो ग्रेडिंगला पाठवायचा. माती औषधात भिजवून विरघळवतात, हातानं कुणी खरवडायची नाही. "हा एकटा तुमच्या विसांना भारी पडंल. फक्त याला घासू नका, हात जोडतो."

वीस चांदीच्या भावात आणि हा एक शौकिनाला, असं धरलं तर फी पुरी होत होती. मी तिथून थेट वडिलांकडं गेले, कारण डबी त्यांची.

"विक की," ते म्हणाले. "मला काय करायचंय रुपयाचं? वरची माती तेवढी काढून दे. ती भिंत तुझ्या आईनं लिंपली व्हती. जुन्या गावठाणात मशिनीनं समदं सपाट केलंय. तिच्या हातचं आता एवढंच हाय."

इतकी वर्षं ते रुपया जपताहेत असं मला वाटत होतं. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. औषधात घातला तर रुपया वाचला असता, पण माती विरघळून गेली असती. त्यांच्या अंगणात बसून मी सुईनं एकेका अक्षरातली माती कोरून कागदावर घेतली. सुई कुठं कुठं घसरली ते मला दिसत होतं, आणि प्रत्येक ओरखडा किती रुपयांचा हे आता मला चांगलं कळत होतं.

नांदेडला चाचांनी भिंगातून ओरखडे पाहिले, माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता तो रुपया बाकीच्या विसांबरोबर काट्यावर ठेवला. अर्धी फी झाली. उरलेल्या अर्ध्या फीसाठी मी क्लासच्या सरांपुढं जाऊन बसले. तुमच्या सगळ्या मास्तरांचे दोन्ही वेळचे डबे वर्षभर माझ्याकडून, म्हटलं. माझ्या हातची आमटी त्यांनी खाल्लेली होती, त्यामुळं फार ताणावं लागलं नाही. लेक पहिल्याच दिवसापासून बॅचला बसली.

दिवाळीत वडिलांकडं गेले. त्यांनी ती चिमूटभर माती भिजवून सिमेंटच्या भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, अंगठ्यानं लिंपली होती. टिकलीपेक्षा थोडी मोठी.

"रुपयाला भाव बरा आला का गं?" त्यांनी विचारलं.

"लई बरा आला, आबा," मी म्हटलं.