चारशे एक्याऐंशीवी जागा

आधीच सांगते, या सदरातले गूढ अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक आहे. अमावास्येला खुशाल केस धुते, मांजर आडवं गेलं तर त्यालाच बाजूला हो म्हणते. पंधरा वर्षं प्रोग्रामिंग करतेय. कंप्युटर जे करतो ते कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं म्हणूनच करतो, यावर माझं पोट चालतं. तेव्हा कुणी मला "योगायोग हो ताई" म्हणून समजावायला येणार असेल तर... या, जरूर या. मलाही तेच हवंय.

मी जळगावात मेहरूणला राहते. असोद्याच्या रस्त्यावर भास्करभाऊंचं केळी पिकवायचं युनिट आहे — चार बंद, थंड खोल्या. हिरवी केळी कॅरेटमध्ये भरून आत रचायची, खोली गार होऊ द्यायची, मग बाहेरून कडी लावून पिकवायचा गॅस सोडायचा. त्यानंतर चोवीस तास दार उघडायचं नाही. हे सगळं चालवणारा प्रोग्राम मी लिहिलेला. कंप्युटरवर बसतात विमलअक्का. माहेर दोंडाईचा, असोद्यात तीस वर्षं झाली, पण बोलणं अजून तिकडचंच.

गेल्या मेमध्ये अक्कांचे फोन सुरू झाले.

"ताई, तुन्हं मशीन म्हनस, जागा नही!"

चार नंबरची खोली भर दुपारी सुरू करताना प्रोग्राम मेमरी मागायचा, ती मिळायची नाही आणि तो बंद पडायचा. मी फोनवर सांगायचे — चहा घ्या, बंद करून परत चालू करा. चारच्या सुमारास तो मुकाट्याने चालायचा. दोन दिवसांनी परत तेच, आणि परत दुपारीच. बघता बघता पाच वेळा झालं.

मी आधी विंडोजला शिव्या घातल्या. मग नवी रॅम टाकली. व्हायरस शोधला. तीच फाइल घरी लॅपटॉपवर चालवली, तर काही तक्रार नाही! शेवटी प्रोग्रामला प्रत्येक पायरी लिहून ठेवायला लावली, तेव्हा चोर सापडला. म्हणजे, सापडला असं वाटलं.

त्या खोलीत चारशे ऐंशी कॅरेट मावतात, म्हणून मी मेमरीत तेवढ्याच जागा राखल्या होत्या. एका कॅरेटला एक. कॅरेट आत जाण्याआधी बाहेर ओट्यावर त्याच्या चिठ्ठीवरून स्कॅनर फिरवतात. आत काय आहे ते प्रोग्रामला एवढ्यावरूनच कळतं. आत कॅमेरा नाही, वजनकाटा नाही. यादीत बरोबर चारशे ऐंशी नंबर होते, एकही दुबार नाही. आणि प्रोग्राम जागा मागत होता... चारशे एक्याऐंशी.

माझं डोकंच फिरलं. मोजण्यात एकाची चूक आम्हा प्रोग्रामर लोकांकडून नेहमी होते, पण ती असली तर रोज असते. ती दुपार बघून येत नाही. दोन दिवस शोधूनही मिळेना, तेव्हा मी करू नये ते केलं. चार ओळी लिहिल्या — एखादी जागा जास्त झाली तर ती सोडून दे आणि पुढे चल. 

पेनड्राइव्ह घेऊन भर दुपारी असोद्याला पोचले. स्कूटरचं हँडल हातात धरवत नव्हतं. फाटकापाशी एरवी सोपाननाना भेटायचे — पन्नाशीचे हमाल, "आली का मशीनची डॉक्टरीन?" म्हणून चिडवायचे. त्या दिवशी दिसले नाहीत. जेवायला गेले असतील म्हटलं.

चार नंबरची खोली भरून गार झाली होती. अक्कांनी बाहेरून कडीही लावली होती. भास्करभाऊ माझ्या डोक्यावर उभे. "ताई, कव्हा व्हईन ते? गाडी भरायची हाय परवा!"

मी नवा प्रोग्राम टाकला. तो या वेळी बंद पडला नाही. स्क्रीनवर मीच लिहिलेली ओळ आली: "एक जागा वगळली आहे. सुरू करायचे?"

मी खूश. माउसवर बोट ठेवलं.

अक्कांनी चष्मा सावरून ओळ वाचली. म्हणाल्या, "कोन वगळेल शे, ताई?"

वगळलंय कोण, म्हणे! मला हसू आलं. "अक्का, कॅरेटला 'कोण' नाही म्हणत, 'कोणतं' म्हणतात."

त्या हसल्या नाहीत. एकदम उठल्या. "थांब. मी मोजस."

"अक्का, आता काय मोजता? माल गरम होऊ राह्यला!" भास्करभाऊ ओरडले. तोवर अक्कांनी कडी काढली होती. मी मागे गेले ती त्यांची चूक दाखवायला, हे कबूल करते. रांगा मोजल्या. चारशे ऐंशी. एक कमी नाही, एक जास्त नाही. मी "बघा" म्हणणार, तेवढ्यात अक्का शेवटच्या रांगेमागे वाकल्या आणि किंचाळल्या.

थप्पी आणि भिंत यांच्यामधल्या हातभर जागेत, गोणपाटावर, तोंडावर उपरणं घेऊन सोपाननाना पडले होते.

ते उपरणं हलतंय की नाही, हे बघण्यात किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग हललं. नाना डोळे चोळत उठले. "काय व ताई, घटकाभर निजूबी देत नाही."

भास्करभाऊ तिथेच खाली बसले. दार वीतभर जाड आहे. आतून कितीही हाका मारल्या तरी बाहेर ऐकू येत नाही. आत गॅस, केळ्यांनी नासवलेली हवा, आणि चोवीस तास.

बाहेर उन्हाने जीव जायचा म्हणून नाना जेवण झालं की तिथे जाऊन झोपायचे. कोणकोणत्या दिवशी, ते त्यांनी आठवून सांगितलं. मी लिहून ठेवलेले वार काढले. पाचही जुळले. प्रत्येक वेळी प्रोग्राम अडला, अक्कांनी कडी काढून ठेवली, चहाच्या वेळेला नाना उठून बाहेर आले, आणि मग तो चालला. पाच वेळा त्याने माणूस मोजला होता, आणि सहाव्या वेळी मी त्याला तो सोडून द्यायला शिकवून आले होते.

नंतर अक्कांना विचारलं, तुम्ही "कोण" का म्हणालात? त्या उलट माझ्यावरच चिडल्या. "मी 'कोन' म्हनलंच नही! मी 'काय' आसं इचारं व्हतं." पण आम्ही दोघांनी 'कोन'च ऐकलंय, मी आणि भास्करभाऊंनी.

पुण्याच्या मित्राला सगळा कोड दाखवला. एक जास्त कुठून येतो, ते त्यालाही सापडलं नाही. त्या दिवसानंतर ही चूक पुन्हा आली नाही. नानाही आत झोपत नाहीत.

माझ्या चार ओळी मी त्याच दुपारी पुसल्या. त्यांच्या जागी एकच ओळ आहे: "एक जण जास्त आहे. दार उघडा." आत माणूस आहे हे प्रोग्रामला कळायची सोय अजूनही नाही, तेव्हा ती ओळ कधी दिसायलाच नको. पण ती काढायची माझी छाती होत नाही.